डॉक्टरांची पद्मिनी: चोपड्यातल्या एका जुन्या गाडीच्या खरेदीचं प्रकरण

माझा भाचा अमळनेरच्या एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. नोव्हेंबर 2023 मधल्या एका रविवारी तो सकाळीच घरी आला आणि चहाचा कप हातात घेण्याआधी त्यानं मोबाईल माझ्यापुढे धरला. "मामा, ही बघा. क्रीम रंगाची पद्मिनी. दोन लाख दहा सांगतोय, दोनला देईल."

मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत नुकतीच संपली होती. मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली होती, त्यामुळे ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस तिला थांबावं लागलं. वर्तमानपत्रांत तिचे फोटो आले, निरोपाचे लेख आले, आणि माझ्या भाच्यासारख्या कितीतरी जणांना त्याच आठवड्यात पद्मिनी हवीशी झाली. जुनी गाडी घ्यायला याहून वाईट मुहूर्त नाही. ज्या आठवड्यात सगळ्यांचा जीव तिच्यात अडकतो, त्याच आठवड्यात विक्रेताही पन्नास हजार वाढवून बसलेला असतो.

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक ट्रेडला शिल्प निदेशक होतो. निवृत्त झालो तरी गाडी घेताना "जरा बघायला चला" म्हणून लोक बोलावतात, आणि "जुनी गाडी घ्यावी का?" हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतो. त्याचं दोन ओळींतलं उत्तर माणसाला फसवतं. म्हणून हे एकच प्रकरण पहिल्यापासून लिहितो आहे, पैशाच्या आकड्यांसकट.

घरची बाजू आधी सांगतो. भाच्याकडे रोजच्या वापराची लहान गाडी आहे. दवाखाना, बाजार, लग्नकार्य तिच्यावर होतं. हे नसतं तर मी त्याला मोबाईल खिशात ठेवायला सांगितलं असतं. घरात दुसरी चालती गाडी नसताना चाळीस वर्षांची गाडी आणली, तर ती पहिल्याच महिन्यात ऐन गरजेच्या वेळी उभी राहते आणि मग घरातलं कुणीच तिच्यावर प्रेम करू शकत नाही. सूनबाईंनी दोन अटी घातल्या होत्या: कर्ज काढायचं नाही, आणि सगळं मिळून दोन लाखांच्या वर जायचं नाही. या दोन अटींनी पुढे त्याला बरंच वाचवलं.

मी त्याला मारुती 800 सुचवून पाहिली. डिसेंबर 1983 मध्ये पहिली गाडी रस्त्यावर आली, 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, आणि जानेवारी 2014 पर्यंत ती बनत राहिली. कार्बोरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांत्रिक भागातून मिसळणारी, जुनी 800 आजही स्वस्तात मिळते, कुठल्याही तालुक्याच्या गावी दुरुस्त होते. डोक्यानं विचार करणाऱ्याला जुन्या गाड्यांत हिच्यासारखी गाडी नाही, हे माझं ठाम मत आहे. पण भाच्याचा हात चित्रकाराचा. त्याला पद्मिनीच्या मागच्या पंखांची धार, गोल दिवे आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर हवा होता. आवडीच्या वस्तूत डोकं किती चालवायचं यालाही हद्द असते, म्हणून मी गप्प बसलो.

पद्मिनी निवडण्यात तो चुकलाही नव्हता. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. 1964 पासून तिथे फियाट 1100 डिलाइट बनू लागली आणि सत्तरच्या दशकात तीच गाडी पद्मिनी नावानं विकली जाऊ लागली. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ताकद मागच्या चाकांना, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, चारही चाकांना ड्रम ब्रेक. साधारण पस्तीस वर्षं मूळ आराखडा फारसा बदलला नाही, आणि मुंबईची टॅक्सी हीच असल्यानं सुटे भागही तितकी वर्षं बनत राहिले. स्वस्त जुनी गाडी निवडताना हीच गोष्ट बघायची. दुर्मीळ गाडीचा एक नट-बोल्ट सहा महिने मिळत नाही. पद्मिनीचं व्हील सिलिंडर कुर्ल्याहून चार दिवसांत येतं.

वसईकडची क्रीम गाडी

रात्रीच्या रेल्वेनं आम्ही दोघं निघालो आणि सकाळी वसईकडच्या त्या विक्रेत्याकडे पोचलो. गाडी खरोखर लखलखत होती. बंपरला नवा क्रोम, आत लाल सीट, चाकांना पांढऱ्या पट्ट्या. भाचा तिच्याभोवती फिरत होता आणि मला त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, कारण मला काय सापडणार याचा अंदाज आला होता.

मी खिशातून लोहचुंबक काढला आणि रंगाला ओरखडा पडू नये म्हणून रुमालात गुंडाळला. दरवाजाच्या वरच्या भागाला तो चिकटला. खाली आणला तसा निसटला. दरवाजांचे खालचे चार बोटं, दोन्ही बाजूंची सिल म्हणजे दरवाजांखालची पत्र्याची पट्टी, डिकीत स्टेपनीच्या खालचा खड्डा, सगळीकडे तेच. तिथे पत्रा उरलाच नव्हता, लांबी म्हणजे पुट्टी भरून वर रंग मारला होता. पद्मिनीला जीपसारखी वेगळी चेसिस नसते. तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा. सिल गंजली म्हणजे गाडीची कंबर गेली, आणि ही गोष्ट पाच हात लांबून, रंगावरून कळत नाही. समुद्राकाठी चाळीस पावसाळे काढलेल्या गाडीचं असंच होणार, त्यात नवल नाही. राग येतो तो ते लपवण्याचा.

मग डाव्या पुढच्या मडगार्डवर बोटांनी टिचक्या मारत गेलो. एका जागी आवाज बदलला, बद्द झाला. आतून हात घालून पाहिलं तर वेल्डिंगचा टिकला हाताला लागला. जुन्या मुंबई टॅक्सीला मीटर बाहेर, डाव्या बाजूलाच असायचा. "ही टॅक्सी होती का?" मी विचारलं. विक्रेता म्हणाला, "नाही साहेब, एकाच कुटुंबाची गाडी." कागद मागितले. आरसीची झेरॉक्स दाखवली, मूळ आरसी "एजंटकडे आहे". टॅक्सीची खासगी गाडी करताना परमिट जमा केल्याचा कागद लागतो, नोंदणीत तसा बदल करून घ्यावा लागतो. तो कागद नव्हता, आणि विचारल्यावर गडी आमच्याशी बोलायचाच थांबला.

परतीच्या गाडीत नंदुरबारपर्यंत भाचा काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "मामा, मी एकटा आलो असतो तर घेऊन गेलो असतो."

सारंगखेड्याचा धडा

26 डिसेंबरला दत्तजयंती होती. मी त्याला मुद्दाम सारंगखेड्याच्या यात्रेत नेलं. तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, देशभरातून घोडे येतात, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. पण मला त्याला घोडे दाखवायचे नव्हते, घेणारे दाखवायचे होते. फेटा बांधलेला एक म्हातारा पांढऱ्या घोड्यापुढे उभा होता. घोड्याच्या कपाळाला तुरा, गळ्यात माळा, पायांत घुंगरू. म्हाताऱ्यानं त्यातल्या एकाही गोष्टीकडे पाहिलं नाही. ओठ वर करून दात पाहिले, चारही खूर उचलून पाहिले, अंगावरचे भोवरे पाहिले, मग घोडा चालवायला लावला आणि स्वतः मागे जाऊन खाली बसून पायांची चाल पाहिली. अर्धा तास गेला. किमतीचा शब्द तोवर निघाला नव्हता.

भाच्यानं त्या म्हाताऱ्याचं रेखाचित्र काढलं. ते आज त्याच्या गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे.

खळ्यातली गाडी

चोपड्याला माझा एक जुना विद्यार्थी गॅरेज चालवतो. त्याला सांगून ठेवलं होतं. जानेवारीत त्याचा फोन आला: "सर, एका डॉक्टरांची गाडी आहे. डॉक्टर 2018 ला गेले. तेव्हापासून खळ्यात उभी आहे. पण काकू विकतील की नाही, सांगता येत नाही."

खळ्यात पत्र्याच्या शेडखाली, ताडपत्रीखाली ती उभी होती. चारही टायर बसलेले, काचांवर बोटभर धूळ, मागच्या सीटवर उंदरांनी कापसाचं घर केलेलं. फिकट निळा रंग उन्हानं पांढुरका पडला होता. उजव्या मागच्या दरवाजावर लांब ओरखडा होता. दवाखान्याच्या फाटकाला लागलेला, असं नंतर कळलं. भाच्याचा चेहरा उतरला. मी गुडघे टेकून खाली शिरलो आणि मला तिथेच कळलं की गाडी सापडली.

सिल कोरी होती. चुंबक खालपर्यंत चिकटत होता. फ्लोअरला वरवरचा तांबूस गंज होता, खरवडला की खाली धड पत्रा लागत होता. डिकीचा खड्डा कोरडा. बॅटरीखालचा ट्रे तेवढा ॲसिडनं खाल्लेला. आपल्या खान्देशची हवा माणसाला भाजून काढते, पण पत्र्याला राखते. पाऊस बेताचा, दमटपणा कमी, समुद्र लांब. जळगाव-धुळ्याकडची सहा वर्षं बंद पडलेली गाडी ही मुंबईच्या चालत्या गाडीपेक्षा बहुतेक वेळा चांगली खरेदी असते. रबर, बीडिंग, डॅशबोर्ड, सीटचं कापड हे उन्हानं जातं, पण ते सगळं बदलता येतं. सांगाडा बदलता येत नाही.

काकू ओट्यावर बसून आमच्याकडे बघत होत्या. वय पंच्याहत्तरच्या पुढे. भाच्यानं नमस्कार केला आणि सरळ विचारलं, "काकू, गाडी द्यायची आहे का?"

"गाडी इकानी शे का नही, ते मालेच मालूम नही," त्या अहिराणीत म्हणाल्या, म्हणजे विकायची की नाही ते त्यांचंच ठरलं नव्हतं, आणि आत जाऊन एक जाड वही घेऊन आल्या.

ती वही डॉक्टरांची. 1984 मध्ये गाडी घेतली त्या दिवसापासून प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल, किलोमीटरचा आकडा, ऑइल बदलल्याची तारीख, कुणी काय दुरुस्त केलं आणि किती घेतले, सगळं. डॉक्टर सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत व्हिजिटला जात, त्या गावांची नावंही कडेला लिहिलेली. 2017 च्या पावसाळ्यानंतर नोंदी विरळ होतात, अक्षर हलतं, आणि मग कोरी पानं. मी आयुष्यात शेकडो गाड्या तपासल्या असतील, पण असा पुरावा दुसऱ्या कुणी दाखवला नाही. भाचा ती वही वाचत खळ्यातच खाली बसला. काकूंचं मन तिथे वळलं असावं, कारण त्या दिवशी त्यांनी भाव सांगितला नाही, जेवायला मात्र बसवलं. कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत.

आठ दिवसांनी फोन आला: सत्तर हजार. भाच्याला घासाघीस करावीशी वाटत होती. मी म्हटलं, करू नकोस. हा भाव रास्त आहे आणि पुढे कागदांसाठी काकूंच्या मुलांच्या चार-चार सह्या लागणार आहेत. पाच हजार वाचवून ती माणसं दुखावायची नाहीत.

कागद

इथे मी सावकाश जातो, कारण गावोगावच्या खळ्यांत आणि वाड्यांत उभ्या असलेल्या जुन्या गाड्या याच पायरीवर भंगारात जातात.

गाडी कायद्यानं अजून डॉक्टरांच्या नावावर होती. म्हणजे काकूंना ती विकण्याचा हक्कच नव्हता, आधी ती त्यांच्या नावावर व्हायला हवी होती. मालक मयत झाल्यावर वारसाच्या नावावर गाडी करायचा अर्ज म्हणजे फॉर्म 31. त्यासोबत मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद आणि बाकी वारसांची हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र. काकूंचा एक मुलगा नाशिकला, मुलगी सुरतला. दोघांनी सह्या केल्या. ते झाल्यावर काकूंकडून भाच्याकडे विक्रीचे फॉर्म 29 आणि 30. चोपडा आणि अमळनेर दोन्ही जळगाव जिल्ह्यातच, त्यामुळे दुसऱ्या कार्यालयात नोंद हलवण्यासाठी लागणाऱ्या फॉर्म 28 च्या ना-हरकतीतून सुटका झाली. वसईची गाडी घेतली असती तर तोही फेरा होता.

दुसरी अडचण नोंदणीच्या मुदतीची. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा 15 वर्षं चालते, मग दर 5 वर्षांनी फॉर्म 25 भरून ती वाढवून घ्यावी लागते. डॉक्टरांनी 1999, 2004, 2009, 2014 अशी प्रत्येक वेळी वेळेवर वाढवलेली. 2019 ची मुदत त्यांच्या मागे कुणाच्या लक्षात राहिली नाही. एप्रिल 2022 पासून चारचाकीच्या नूतनीकरणाची फी 600 वरून 5,000 झाली होती आणि उशिरासाठी महिन्याला 500 रुपये जादा लागतात. त्यावर राज्याचा पर्यावरण कर. (ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांपेक्षा जुन्या चारचाकीला ही फी 10,000 झाली. आज हिशोब करणाऱ्यानं तो आकडा धरावा.)

तिसरी अडचण गाडीच्या नंबरातच. महाराष्ट्रात एमएच मालिका 1989 मध्ये आली. त्याआधीच्या नंबराच्या अनेक गाड्यांची नोंद कागदी रजिस्टरमध्येच राहून गेली, संगणकावर आलीच नाही. अशा गाडीचा कुठलाही अर्ज पुढे सरकत नाही, कारण संगणकाच्या लेखी ती गाडी नसतेच. आधी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवून, करून घ्यावी लागते, त्यासाठी मूळ आरसी लागते. डॉक्टरांचं मूळ आरसी बुक त्या वहीच्याच पुठ्ठ्यात खोचलेलं होतं. झेरॉक्सवर गाडी घेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

मोटार वाहन निरीक्षकांपुढे गाडी प्रत्यक्ष न्यावी लागते. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि ठसा उमटवायचा. तो नंबर गंजला किंवा रंगाखाली दबला असेल तर तिथे सगळं अडतं. आमचा ठसा पहिल्याच फेरीत स्वच्छ उठला. एप्रिलच्या शेवटी भाच्याच्या नावाची आरसी हातात आली.

लोक पद्मिनीला सर्रास "विंटेज" म्हणतात. कायद्यात तो शब्द वेगळा आहे. जुलै 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडीच विंटेज म्हणून नोंदवता येते. तिला 20,000 रुपये फी, नंबरात "व्हीए" अक्षरं, आणि ती रोजच्या वापरात चालवता येत नाही. 1984 च्या गाडीला ते लागूच नाही, आणि चालवायची गाडी असेल तर लागू नाही हेच बरं. दिल्लीत 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली म्हणून इथेही जुनी गाडी बेकायदा, असंही मला कुणी कुणी सांगतं. तो आदेश दिल्ली आणि परिसरापुरता होता. आपल्याकडे खासगी गाडीची तपासणी आणि नूतनीकरण वेळेवर असलं की ती चालवायला कुणाची आडकाठी नाही.

इंजिन

कागदांची धावपळ चालू होती तेव्हा गाडी माझ्या विद्यार्थ्याच्या गॅरेजात होती. पहिल्या दिवशी भाच्यानं नवी बॅटरी आणली आणि सेल्फ मारायला निघाला. मी हात धरला. सहा वर्षं उभं राहिलेलं इंजिन एकदम फिरवलं तर सिलिंडरच्या कोरड्या भिंतीवर पिस्टनच्या रिंगा घासतात आणि धड असलेलं इंजिन मिनिटात खराब होतं. आम्ही चारही प्लग काढले, प्रत्येक भोकातून थोडं ऑइल सोडलं आणि चार दिवस गाडी तशीच ठेवली. मग गिअरमध्ये टाकून चौघांनी तिला इंचभर पुढे, इंचभर मागे ढकललं. तिसऱ्या खेपेला इंजिन सरकलं, तसा आवाज आला. त्या आवाजासाठी मी पुन्हा नोकरी करायला तयार आहे.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासल्यावर तिसऱ्या सिलिंडरला कमी निघालं. हेड उतरवलं, व्हॉल्व्ह घासले, एक बदलला, रिंगा नव्या टाकल्या, क्लच प्लेटही त्याच वेळी. अमळनेरच्या लेथवाल्या चाचांनी हेड सपाट करून दिलं. यात 31,000 गेले. ब्रेकची व्हील सिलिंडरं आणि मास्टर सिलिंडर आतून गंजून चिकटली होती, होजपाईपसह सगळं नवं केलं, 9,500. ब्रेकमध्ये मी कुणालाही काटकसर करू देत नाही. पाच टायर 16,500. वायरिंग आणि बॅटरी 11,800. पेट्रोल टाकी उतरवली तेव्हा आतलं पेट्रोल आटून डिंकासारखं झालं होतं आणि त्याला वार्निशचा वास येत होता. टाकी धुणं, पाईप आणि कार्बोरेटरचं काम 6,200. रेडिएटर 3,000. आणि कागद, दंड, कर, विमा मिळून 28,500. म्हणजे कागदांनी जवळपास इंजिनाइतके पैसे खाल्ले. खरेदीचे सत्तर धरून एकूण 1,76,500. दोन लाखांच्या आत, वर डागडुजीला थोडी शिल्लक.

पेट्रोलच्या पाईपबद्दल वेगळं सांगायला हवं. पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल ओलावा ओढतं आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या रबराला फुगवून ठिसूळ करतं. गरम इंजिनाजवळ पाईपला चीर गेली तर आग लागू शकते. म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा प्रत्येक रबरी तुकडा आम्ही इथेनॉल सोसणारा बसवला, आणि मिश्रण किंचित पातळ पडतं म्हणून कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं छिद्र, थोडा मोठा केला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवायची, म्हणजे आत ओल धरायला जागा राहत नाही.

रंगाचा प्रश्न उरला. पेंटर चाळीस हजार सांगत होता. मला वाटलं भाचा हट्ट धरणार, पण त्यानं गाडी धुतली, हातानं पॉलिश केली, दोन दिवस तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मामा, हा निळा मला मिसळून जमणार नाही. राहू दे." फाटकाचा ओरखडाही राहिला. मला त्याचा त्या दिवशी फार अभिमान वाटला.

चालवणं

दीड वर्षात गाडी 3,400 किलोमीटर चालली आहे. लिटरला 11 ते 12 देते. त्रयस्थ (थर्ड पार्टी) विम्याचा जून 2022 मध्ये ठरलेला वर्षाचा मूळ हप्ता 1000 ते 1500 सीसीच्या खासगी गाडीला 3,416 रुपये, गाडी जुनी म्हणून तो वाढत नाही. पुढे सलग सीट असल्यानं पोरं पुढेच बसायला भांडतात. पहाटे निघून एरंडोलवरून पद्मालयला जायचं, गणपतीचं दर्शन घ्यायचं, ऊन चढायच्या आत परत यायचं, हा त्यांचा ठरलेला रविवार. ताशी साठच्या वर तो नेत नाही. ड्रम ब्रेकला थांबायला जास्त अंतर लागतं, पुढच्या ट्रकपासून लांब राहावं लागतं, आणि लांब राहिलं की रस्त्याकडेची केळी, कापूस, नदीचं पात्र सगळं दिसतं.

शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा तो गाडी शाळेच्या मैदानात उभी करतो आणि नववीचा वर्ग तिच्याभोवती बसवतो. चाकाचा गोल तिरका पाहिला की लंबगोल कसा होतो, क्रोममध्ये आकाश आणि जमीन आकसून वाकडी कशी दिसतात, हे पोरांना पुस्तकातून समजत नव्हतं. मी एकदा गेलो होतो. पोरं हात लावत होती, बॉनेटवर वही ठेवून चित्र काढत होती, कुणी कुणाला ओरडत नव्हतं. पंधरा लाखांच्या गाडीजवळ हे झालं नसतं. स्वस्त जुनी गाडी घ्यावी असं मी सांगतो ते यासाठी. तिला ओरखडा पडेल या भीतीनं ती कपड्याखाली झाकून ठेवावी लागत नाही. जी माणसं गाडी आणून, रंगवून, वर्षातून एकदा दसऱ्याला बाहेर काढतात, त्यांची मला हळहळ वाटते. सील वाळतात, पेट्रोल शिळं होतं, बॅटरी मरते, आणि मग "जुनी गाडी सारखी बिघडते" म्हणतात. आठवड्याला वीस किलोमीटर तरी ती फिरलीच पाहिजे.

बिघाड झालेच. एकदा प्लगच्या ठिणगीची वेळ साधणारे प्लॅटिनम पॉइंट जळाले, एकदा कार्बोरेटरचा फ्लोट अडकून पेट्रोल सांडलं, पावसाळ्यात वायपरची मोटर गेली. पॉइंट, कंडेन्सर, फॅनबेल्ट आणि दोन प्लग डिकीत असतात, आणि ते बदलायला भाचा आता शिकला आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली, पहिल्या उन्हाळ्याची. 10 मे 2024 ला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती. काकूंचं माहेर शिरपूरकडचं. भाऊ-भावजया गेल्या, पण भाचे-पुतणे आहेत, दरवर्षी बोलावतात आणि प्रवास झेपत नाही म्हणून काकू जात नाहीत. भाचा म्हणाला, "काकू, आपल्या गाडीनं जाऊ." मीही मागे बसलो. चोपड्याहून दहाला निघालो ते चुकलंच, आणखी लवकर निघायला हवं होतं. रस्त्याचं डांबर पातळ झालं होतं. अनेरच्या अलीकडे गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली. सेल्फ मारला, फिरते पण लागत नाही.

मी बॉनेट उघडलं. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनालाच जोडलेला असतो. आपल्या मे महिन्यात इंजिनाची धग आणि वरचं ऊन मिळून पंपातच पेट्रोलची वाफ होते, आणि पंप पेट्रोलऐवजी वाफ ओढत बसतो. मी हे भाच्याला समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात पुढच्या सीटवरून काकूंचा आवाज आला.

"फडकं वलं कर रे भाऊ, पंपवर ठेव. डॉक्टर तेच करेत." आणि वाकून सीटखाली डाव्या बाजूला हात घालून चाचपायला लागल्या. "आठेच ऱ्हाये." इथेच असायचं, म्हणे.

तिथे एक फडकं होतं खरं. जानेवारीत आतली सफाई करताना भाच्यानंच ते उंदरांच्या कापसाबरोबर फेकून दिलं होतं. त्यानं ते काकूंना सांगितलं नाही. खांद्यावरचा रुमाल बाटलीतल्या पाण्यानं भिजवला, पंपाला गुंडाळला आणि आम्ही तिघं निंबाखाली बसलो. वीस मिनिटांनी गाडी पहिल्या सेल्फला लागली.

घरी आल्यावर त्यानं पाईपाला उष्णतारोधक पट्टी गुंडाळली आणि पंप व इंजिनाच्या मध्ये पत्र्याचा आडोसा बसवला. टाकीजवळ बसणाऱ्या इलेक्ट्रिक पंपाचा भावही काढला आहे, यंदाच्या उन्हाळ्याआधी बसवायचा विचार आहे. सीटखाली डाव्या बाजूला मात्र आता घडी घातलेलं एक सुती फडकं असतं, आणि वहीत, डॉक्टरांच्या शेवटच्या नोंदीनंतर एक पान सोडून, भाच्यानं स्वतःच्या अक्षरात तारीख, किलोमीटर आणि "अनेरजवळ थांबलो, काकूंनी चालू केली" असं लिहिलं आहे.